झाकली मूठ उघडावी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत शाहपुरा, भोपाळ येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलायचे म्हणजे संस्थेच्या गतकाळाचा गौरव करावा आणि भविष्याविषयी शुभेच्छा द्याव्या, असा परिपाठ आहे. ते काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविलेला विषय अगदीच निराळा आहे. ऑनलाइन खरेदी-विक्रीत आणि घर भाड्याने देण्याघेण्यात होणारी फसवणूक, हा तो विषय. मंगलप्रसंगी हे चोराचिलटांचे आख्यान कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास त्यांना आम्ही दोष देणार नाही. परंतु जी संस्था पन्नास वर्षे केवळ लोकांच्या विश्वासावर उभी राहिली, तिने विश्वासाच्या चोरीचा विचार करावयाचा नाही, तर मग कोणी करावयाचा?

आम्ही चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली, म्हणून या विषयातले जाणकार समजून आम्हांला बोलाविले असावे, असा काहींचा समज होईल. तो समज आरंभीच दूर करतो. आम्ही येथे उभे आहोत ते जाणकार म्हणून नव्हे. आम्ही स्वतः फसलो आहोत, म्हणून उभे आहोत.

पण ती कथा सांगण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाले. त्या सुमारास सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपुराहून, ग्वाल्हेराहून, इंदुराहून कितीतरी मराठी कुटुंबे या गावी आली. परक्या गावात बिऱ्हाडाला खोली मिळायची ती बहुधा चिठ्ठीवर. ‘पत्रवाहक आमच्या परिचयाचे असून सज्जन आहेत,’ एवढ्या एका ओळीवर घरमालक किल्ली हाती देत. त्या चिठ्ठीत कागदाची किंमत काहीच नव्हती. किंमत होती ती लिहिणाऱ्याच्या अब्रूची. पाहुण्याने भाडे बुडविले, तर चिठ्ठी देणाऱ्याची मान खाली जाई. आज ती चिठ्ठी गेली. तिच्या जागी फोनवर एक छायाचित्र येते, ओळखपत्राची प्रत येते आणि एक आर्जवी आवाज येतो. हे सारे चिठ्ठीसारखेच दिसते, परंतु त्याच्यामागे कोणाचीही अब्रू गहाण पडलेली नसते. आमच्या अल्पमतीप्रमाणे या विषयाचे निम्मे मर्म एवढेच आहे.

हा प्रकार अगदी नवा आहे असेही नाही. आपल्याच प्रांतात, जबलपुरास राहून स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांचा पिच्छा पुरविला. १८३५ मध्ये त्या कामासाठी निघालेल्या खात्याचा तो प्रमुख झाला. त्या काळच्या नोंदी सांगतात की, ठग वाटसरूवर एकदम हल्ला करीत नसत. चार दिवस ते त्याच्याबरोबर चालत, एका चुलीवर जेवत, ‘वाट धोक्याची आहे, सोबतीने जाऊ’ असे म्हणत, आणि मग रुमाल काढीत. आजच्या ठगाला चार दिवस लागत नाहीत. त्याला अर्धा तास पुरतो. पण सोबत देण्याचे सोंग तेच आहे.

आता आमची कथा. मुलीचे लग्न झाले, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास गेला आणि येथील घराचा वरचा मजला रिकामा पडला. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही एका संकेतस्थळावर जाहिरात दिली. भाडे १४,००० रुपये आणि दोन महिन्यांची अनामत. जाहिरात देऊन अर्धा तासही झाला नसेल, तोच फोन वाजला. ‘जय हिंद, सर!’ बोलणारा म्हणाला की, आपण सैन्यात आहोत, जम्मूहून बदली बैरागढला झाली आहे, कुटुंब पुढील आठवड्यात यावयाचे आहे. घर पाहण्यास सवड नाही, छायाचित्रे पसंत आहेत. लगोलग त्याने गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र आणि कँटीनचे कार्ड पाठविले.

भोपाळकराला सैन्य नवे नाही. बैरागढला सैन्याचे मोठे केंद्र आहे. आपल्या समाजातील अनेक घरांतून मुले सैन्यात गेली आहेत. जवानाकडे पुरावा मागणे हाच आम्हांला अपमान वाटला. त्या ठगाने आमच्या लोभाला हात घातला नव्हता, हे कृपया ध्यानात घ्यावे. त्याने हात घातला तो आमच्या आदराला. ‘लोभी माणूसच फसतो’ असे जे आपण सहज म्हणतो, ते सर्वस्वी खरे नाही.

पुढे तो म्हणाला, ‘सर, आमचे पैसे सैन्याच्या लेखा विभागातून येतात. पद्धत जरा निराळी आहे. आधी आपण एक रुपया पाठवून पाहा.’ आम्ही पाठविला, तर क्षणात दोन रुपये परत आले. आमची खात्री पटली. मग त्याने एक क्यूआर कोड पाठविला, तो चौकटीचौकटींचा ठसा. त्यावर इंग्रजीत १४,००० रुपये मिळतील असे छापले होते. ‘स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे रक्कम आपल्या खात्यात जमा होईल.’

आमच्या सौभाग्यवती शेजारीच भाजी निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, ‘अहो, पैसे यायचे आहेत ना? मग पिन कशाला?’

चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाने त्यावर उत्तर दिले, ‘तुला यातले कळत नाही.’

पिन टाकला. १४,००० रुपये गेले. तो फोनवरच होता. ‘सर, सर्व्हरची गडबड झाली. घाबरू नका. आता २८,०००चा कोड पाठवतो, मागचे-पुढचे सगळे एकदम येईल.’ माणूस गोंधळला म्हणजे गेलेले परत मिळविण्यासाठी अधिक घालवितो. जुगाराच्या अड्ड्यावर हेच घडते, आमच्या दिवाणखान्यातही तेच घडले. दुसऱ्यांदा पिन टाकला आणि एकूण ४२,००० रुपये गेले. मग फोन बंद झाला.

येथपर्यंतची चूक पुष्कळांच्या हातून होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशाच्या राजधानीतील एका मोठ्या पुढाऱ्याच्या घरी जुना सोफा विकताना नेमकी हीच युक्ती झाली. प्रथम किरकोळ रक्कम पाठवून विश्वास मिळविला, मग ठशाच्या मिषाने दोन खेपांत ३४,००० रुपये काढून घेतले. ही वार्ता आम्ही वर्तमानपत्रात वाचलेली होती! वाचले होते, हळहळलो होतो, आणि ‘आपण असे फसणार नाही’ म्हणून पान उलटले होते.

आमची खरी चूक पुढची. आम्ही दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही, बँकेला नाही. ज्या शाखेत आम्ही तरुण कारकुनांना सावधगिरीचे धडे दिले, तेथे कोणत्या तोंडाने जावे? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. तिसऱ्या दिवशी पासबुक भरून आणल्यावर सौभाग्यवतींच्या नजरेला ती ओळ पडली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पुण्याला फोन लाविला. मुलाने तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास सांगितले. तक्रार झाली, पण काही दिवसांनी उत्तर आले की, आमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन काढले गेले. एका खात्यात ३,२०० रुपये तेवढे अडविता आले. झाकलेल्या मुठीतून बाकीचे ३८,८०० रुपये निसटले होते.

हा १९३० क्रमांक काय करतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या देखरेखीखाली २०२१ पासून अशी व्यवस्था आहे की, फसवणुकीची खबर मिळताच ती पैसा ज्या बँकेत गेला त्या बँकेपर्यंत पोहोचविली जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असल्यास गोठविली जाते. ती पुढे सरकली असेल, तर पुढच्या बँकेस वर्दी जाते. म्हणजे ही शर्यत आहे. चोर पुढे धावत असतो आणि आपली तक्रार त्याच्या मागे. पहिल्या तासात निघालेली तक्रार त्याला गाठू शकते. तिसऱ्या दिवशी निघालेली तक्रार म्हणजे वरातीमागून घोडे.

याचे प्रमाण किती मोठे आहे, ते जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या आकड्यांवरून दिसते. २०२३ साली सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांचे सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ साली तो आकडा सुमारे २२,८४५ कोटींवर गेला, म्हणजे एका वर्षात तिप्पट. परंतु त्याच उत्तरात दुसराही आकडा होता. या व्यवस्थेमुळे तोपर्यंत ५,४८९ कोटींहून अधिक रुपये वाचविता आले होते. हे वाचलेले पैसे बव्हंशी अशा लोकांचे, ज्यांनी लाज बाजूला ठेवून ताबडतोब फोन केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या अरेरा कॉलनीत एका व्यावसायिकाला भामट्यांनी तपास अधिकाऱ्याचे सोंग आणून व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास ‘अटके’त बसविले होते. वर्दी मिळताच राज्य सायबर पोलीस कॉल चालू असतानाच घरात जाऊन पोहोचले आणि त्यांची सुटका झाली. प्रकार निराळा असला, तरी बोध तोच. वेळेवर कळले म्हणून निभावले.

आमची फजिती आम्ही न्यासाच्या मासिक बैठकीत सांगितली, ती पुष्कळ कचरतच. सांगून खाली बसलो आणि जे घडले ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. चहाच्या वेळी एकामागून एक पाच जण आमच्यापाशी आले आणि प्रत्येकाने दबक्या आवाजात आपापली कथा सांगितली. वर्षानुवर्षे शेजारी बसणारी माणसे! एकानेही दुसऱ्यास सांगितले नव्हते. त्यांपैकी तीन हकिकती, नावे वगळून, त्यांच्या संमतीने येथे सांगतो.

पहिली एका काकूंची. यजमानांच्या पश्चात त्यांची स्कूटर विकावी म्हणून त्यांनी जाहिरात दिली. गिऱ्हाईकाने भाव केला नाही. त्यानंतर फोनवर बँकेच्या संदेशासारखा संदेश आला की, ३५,००० रुपये जमा झाले. लगेच गिऱ्हाईकाचा रडवेला आवाज आला, ‘मावशी, चुकून एक शून्य जास्त पडले. ३,५०० पाठवायचे होते. आईच्या औषधाचे पैसे आहेत, वरचे परत करा.’ काकूंनी ३१,५०० रुपये परत केले. मूळचे ३५,००० कधी आलेच नव्हते. तो संदेश बँकेचा नव्हता, कोणीही फोनवरून पाठवावा तसा साधा संदेश होता. काकू म्हणाल्या, ‘पैशांपेक्षा याचे वाईट वाटते की, ती ह्यांची स्कूटर होती.’

दुसरी हकिकत बैतूलकडील एका विद्यार्थ्याची. येथे एम. पी. नगरात स्पर्धापरीक्षेचा वर्ग लावायचा म्हणून त्याने फोनवरच शाहपुऱ्यात खोली ठरविली. छायाचित्रे सुरेख, तलाव जवळ, भाडे आसपासच्या निम्मे. ‘पुष्कळ मुले विचारीत आहेत, आज २,००० टोकन द्या. घर पाहण्याच्या प्रवेशपत्राचे १,५०० वेगळे, ते परत मिळतील. मग एक महिन्याचे भाडे आगाऊ.’ असे करीत साडेनऊ हजार गेले. ठरल्या दिवशी तो आईसह ट्रंक आणि गादी घेऊन पत्त्यावर आला. घर होते. गच्चीवर तीच तुळस होती, जी छायाचित्रात होती. पण घरातल्या वृद्ध दांपत्याने कधी जाहिरातच दिली नव्हती. कोणीतरी त्यांच्या घराची छायाचित्रे उचलून वापरली होती. ती मायलेकरे त्या रात्री आपल्या न्यासाच्या सभागृहात झोपली. शेतातल्या सोयाबीनचे पैसे होते ते.

तिसऱ्या हकिकतीत एका गृहस्थांनी सणाच्या जाहिरातीत निम्म्या किमतीत मिक्सर मागविला. खोक्यात साबणाच्या वड्या निघाल्या. पैसे परत मिळावेत म्हणून त्यांनी इंटरनेटवर कंपनीचा मदत क्रमांक शोधला. तो क्रमांकच भामट्याचा होता. त्याने ‘परतीचा अर्ज’ म्हणून एक ॲप उतरवून घ्यायला लावले आणि त्यायोगे फोनचा पडदा त्याला दिसू लागला. मिक्सरचे अठराशे परत मिळविताना खात्यातले चाळीस हजार गेले.

मंडळी, या साऱ्या कथांचे सूत्र एक आहे. भामटा तीन गोष्टी करतो. तो प्रथम उसना विश्वास आणतो : गणवेश, आईचे औषध, कंपनीचे नाव. मग घाई करतो : ‘दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे.’ आणि शेवटी उलटा व्यवहार सुचवितो, म्हणजे जेथे आपल्याला पैसे मिळायचे तेथे आपल्यालाच काही द्यायला लावतो. घाई आणि उलटा व्यवहार एकत्र दिसले की, समोर साक्षात देवदूत असला तरी फोन खाली ठेवावा.

हा कोणा एकट्यादुकट्या चोराचा खेळही राहिलेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणातील नूह जिल्ह्यात पोलिसांनी एकाच वेळी चौदा गावांत छापे घातले. त्या तपासातून देशभरच्या सुमारे २८,००० लोकांना मिळून १०० कोटींहून अधिक रुपयांना गंडविल्याचे पुढे आले. म्हणजे एक जण जाहिराती हेरतो, दुसरा बोलतो, तिसरा खोट्या नावाची सिमकार्डे पुरवितो, चौथा पैसे काढतो. असा हा रीतसर धंदा आहे. त्यात आपण फसलो, तर ती आपल्या बुद्धीची नालस्ती नव्हे. रोज शंभर फोन करणाऱ्याशी आपण आयुष्यात प्रथमच सामना करीत असतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. सभासदांनी हे पान कापून फोनजवळ लावून ठेवले, तर आमचे व्याख्यान सार्थकी लागले असे समजू.

पहिली गोष्ट सौभाग्यवतींच्या प्रश्नात आहे. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना किंवा आपली शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. दुसऱ्याने पाठविलेला क्यूआर कोड स्कॅन करणे म्हणजे त्याला पैसे देण्याची तयारी करणे, मग त्यावर काहीही छापलेले असो. एका व्यक्तीने दुसरीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी धाडण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, तीही हिच्या गैरवापरामुळेच. पण ठशाची वाट मोकळीच आहे, तिला पहारा आपला आपणच द्यावयाचा.

दुसरी गोष्ट विक्रीची. पैसे आले की नाही, हे संदेशावरून किंवा गिऱ्हाईकाने दाखविलेल्या पडद्याच्या चित्रावरून ठरवू नये. स्वतः बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहावी, पासबुक भरून घ्यावे. ‘जास्त आले, परत करा’ असे कोणी म्हटल्यास, ‘आपल्या बँकेला कळवा, बँक बँकेशी बोलेल’ एवढेच उत्तर द्यावे. खरोखरच चूक झाली असेल, तर त्यात कोणाचे नुकसान होत नाही.

तिसरी खरेदीची. अनोळखी दुकानातून वस्तू मागविताना ती दारात, आणणाऱ्यासमोर उघडून पाहता येईल असाच व्यवहार करावा आणि खोके उघडतानाचे चित्रीकरण ठेवावे. मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, तो वस्तूच्या पावतीवरून किंवा कंपनीच्या मूळ ॲपमधूनच घ्यावा. कोणाच्याही सांगण्यावरून फोनमध्ये नवे ॲप घेऊ नये. दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे.

चौथी घराची. भाडेकरूने घर डोळ्यांनी पाहिल्यावाचून एक पैसाही देऊ नये. घर दाखविण्यासाठी पैसे मागणे हीच फसवणुकीची खूण समजावी. घरमालकाचे ओळखपत्र आणि घराचे विजेचे बिल किंवा नगर निगमच्या मालमत्ता कराची पावती यांवरील नावे जुळतात की नाही, ते पाहावे. शेजारी व चौकीदार यांच्याशी दोन शब्द बोलावे. अनामत करारानंतर द्यावी आणि ती मालकाच्याच नावाच्या खात्यात. पुष्कळांना वाटते की, अकरा महिन्यांचा करार झाला म्हणजे आपण सुरक्षित झालो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये नोंदणी लागते, म्हणून अकरा महिन्यांची रीत पडली. तिच्यामुळे समोरचा माणूस खरा मालक ठरत नाही. उलट, घरमालकांनीही भाडेकरूला प्रत्यक्ष भेटावे आणि त्याची माहिती ठाण्यात द्यावी. आपली मुले पुण्याला, बंगळूरला जातात आणि येथूनच फोनवर घर ठरवितात. त्यांनी अशा वेळी त्या गावातील एखाद्या परिचिताला घर पाहून येण्यास सांगावे. ती जुनी चिठ्ठी आपण अशा रीतीने पुन्हा जिवंत करू शकतो.

आणखी एक गोष्ट तरुणांसाठी, आणि ही कळकळीने सांगतो. चोराला पैसा लपविण्यासाठी खाती लागतात, म्हणून महाविद्यालयातील मुलांना दोन-पाच हजारांचे आमिष दाखवून त्यांची बँक खाती व सिमकार्डे वापरावयास घेतली जातात. मुलाला वाटते, आपण काहीच केले नाही. पण पोलीस प्रथम त्याच्याच दारात येतात. संगणक वा फोनच्या साह्याने खोटे रूप घेऊन फसविण्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्या गुन्ह्यात हातभार लावणारा सहजासहजी सुटत नाही. घर भाड्याने द्यावे, खाते कधीही देऊ नये.

आणि एवढे करूनही कोणी फसलाच, तर? तर त्याच क्षणी १९३० वर फोन करावा, अथवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार लिहावी. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा फोन क्रमांक जवळ ठेवावा. संभाषण पुसून टाकू नये. लागलीच बँकेला कळवावे, मग ठाण्यात जावे. बँकवाला म्हणून एक सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने गेलेली रक्कम तो बँकेला कळवीपर्यंत त्याच्याच माथी पडते, कळविल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसावयाचे. म्हणजे मौनाची किंमत त्या कागदावरही लिहून ठेवलेली आहे.

शेवटी न्यासापुढे एक विनंती ठेवतो. पन्नास वर्षांत या संस्थेने विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्यांना औषधे दिली, अडलेल्यांना सभागृहात पथारी टाकू दिली. आता अशा दोन व्यक्ती नेमाव्यात, की ज्यांना कोणाही सभासदाने वेळीअवेळी फोन करावा. त्यांना कायदा यावा अशी अट नको. अट एकच असावी. ‘तुम्ही असे कसे केलेत?’ हा प्रश्न त्यांनी कधीही विचारू नये. त्यांनी फक्त म्हणावे, ‘बरे झाले सांगितलेत, चला, आधी १९३० लावू.’

यातला एक अनुभव सांगून रजा घेतो. आमची हकिकत ऐकल्यानंतर काही महिन्यांनी एका रात्री नऊच्या सुमारास आमचा फोन वाजला. बैठकीत मागच्या रांगेत बसणाऱ्या एका भगिनी होत्या. शिलाई यंत्र विकताना दहा मिनिटांपूर्वी त्यांचे १८,००० रुपये गेले होते. आवाज कापत होता, पण त्यांनी फोन केला होता. सौभाग्यवती त्यांना धीर देत राहिल्या आणि आम्ही दुसऱ्या फोनवरून १९३० लाविला. त्यांचे १६,५०० रुपये वाटेतच गोठविले गेले आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले. आमचे ३८,८०० रुपये गेले ते गेलेच. पण त्या रात्री प्रथमच वाटले की, ते अगदीच वाया गेले नाहीत.

ज्यांची मूठ अजून झाकलेली आहे, त्यांनी ती आज उघडावी. येथे सारी आपलीच माणसे आहेत.